पेशंटशी नातं

मी पुण्याला मराठी शिकायला आले आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग माझ्या मागे, सोबत कुणी मोठं माणूस आलंय का ते पाहायला. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मॉरिशसची. माझ्या खापरपणजोबांना ऊस तोडायला कोकणातून तिकडे नेलं आणि त्यानंतर आमच्यातलं कुणी इकडे परत आलं नाही. घरी आम्ही क्रिओल बोलतो. मराठी असते ती गणपतीत, लग्नात आणि शाळेच्या तासाला. तिन्ही ठिकाणी ती इस्त्री करूनच बाहेर काढतात.

ही इस्त्रीची मराठी मी आमच्या भागात सगळ्यांत चांगली बोलायचे. माझे काका शाळेत मराठी शिकवायचे आणि मला वक्तृत्वाची भाषणं पाठ करून द्यायचे. 'मराठी भाषेचे भवितव्य' या विषयावर मी इतक्यांदा बोलले होते की त्या भवितव्याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे, असं मला खरंच वाटायला लागलं होतं. पुढे शिष्यवृत्ती मिळाली, पुण्यात एम. ए.ला प्रवेश मिळाला. विमानात बसल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच दृश्य होतं. मी पुण्यात उतरते, तोंड उघडते आणि इतक्या पिढ्यांनी परत आलेली ही लेक पाहून माणसं गहिवरतात.

पहिलं माणूस भेटलं ते रिक्षावाले. मी म्हणाले, "बंधू, मला सदाशिव पेठेस नेऊन सोडाल काय?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "नाटकाची तालीम आहे का कुठं?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मीटर पाडलं आणि रिक्षा सुरू केली.

सदाशिव पेठेत एका तीन मजली इमारतीत काकूंकडे माझी पेइंग गेस्ट म्हणून सोय झाली होती. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. माणसाचं बोलणं ट्रंक कॉलसारखं तीन मिनिटांत संपलं पाहिजे, ही शिस्त त्यांनी नोकरी सुटल्यावरही सोडली नव्हती. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे माझ्या पूर्वजांची कहाणी सुरू केली. बोट अजून बंदरातून हललीही नव्हती तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पाणी सात ते नऊ. चपला बाहेर. आणि बोलताना मधे श्वास घेत जा."

माझ्या प्रकृतीची एवढी काळजी घेणारी बाई मिळाली, असं मी त्या दिवशी आईला फोनवर सांगितलं.

खोलीत कपाट होतं, पण ते काकूंच्या चादरींनी भरलेलं. म्हणजे माझी बॅग हेच माझं कपाट, आणि त्या बॅगेची चेन विमानतळावरच तुटलेली. दुसऱ्या दिवशी काकूंनी शनिवार पेठेतल्या एका बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला आणि मी बॅग ओढत तिथे गेले. चार पावलं खोल असलेलं छोटं दुकान. शिलाई मशीनवर साठीचे एक गृहस्थ बसलेले, पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांच्या आजोबांपासून हे दुकान होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी थेट मुद्द्यावर आले.

"नमस्कार महोदय. माझ्या पेटीचे मुख मिटत नाही."

त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. "कुणाचं मिटत नाही म्हणालात?"

"पेटीचे."

"ते मिटेल," ते म्हणाले.

मी आभार मानले. रनर गेला आहे, अर्धी चेन बदलावी लागेल, उद्या या, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, आज होईल काय. ते म्हणाले, बघतो. मी विचारलं, साधारण किती वाजता होईल. मग विचारलं, चेन कोणत्या धातूची असेल. मग, ती पुन्हा तुटण्याचा संभव कितपत आहे. त्यांनी मशीन थांबवलं.

"असं करा मॅडम. आत या, बसा. तुमचंच दुकान आहे. चहा सांगतो. दुपारचं जेवणसुद्धा इथंच होऊन जाऊ द्या."

माझे डोळे भरून आले. विमानात पाहिलेलं दृश्य हेच होतं, फक्त रिक्षावाल्यांमुळे एक दिवस लांबलं होतं. मी म्हणाले, "आपले औदार्य थोर आहे." चपला काढल्या, आत गेले आणि स्टुलावर बसले.

त्यांनी पायरीवरच्या माझ्या चपलांकडे पाहिलं. मग उठले, बाहेर डोकावले आणि समोरच्या टपरीला दोन बोटं दाखवली. चहा आला. मी चहा प्यायले आणि त्यांना माझ्या खापरपणजोबांची गोष्ट सांगितली. या वेळी बोट मॉरिशसला पोचलीसुद्धा. ते मान खाली घालून शिवत होते, पण मधेच त्यांनी विचारलं, "मग तिकडं मेल्यावर त्यांना पेटीत पुरलं की जाळलं?" म्हणजे ऐकत होते.

एक वाजता मागच्या गल्लीतून त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. मला पाहून दारातच थांबल्या.

"पाहुण्या आहेत," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"मॉरिशसच्या."

"ते कुठं आलं?"

"जेवण झाल्यावर विचार. सांगायला लागल्या की भाकरी गार होईल."

डब्यात तीन भाकऱ्या, मेथी घातलेली डाळ आणि लिंबाचं लोणचं होतं. मला भूक लागली होती आणि आग्रह मोडू नये असं काकांनी शिकवलं होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तो डबा एका माणसाचा होता, हे लक्षात यायला मला कित्येक आठवडे लागले. निघताना मी त्यांना महोदय म्हणाले तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चाचा म्हण गं, ते महोदय ऐकून मला यांच्यासमोर उभं राहावंसं वाटतंय."

त्यानंतर मी दर शनिवारी दुकानात जायला लागले. पुण्यात माझी एवढी एकच ओळख होती आणि ती मी जपून वापरत नव्हते. चाचा शिवायचे, मी बोलायचे. चाची आता डब्यात पाच भाकऱ्या आणायच्या.

तीन महिन्यांनी वर्गात आमच्या बाईंनी उपरोध शिकवायला घेतला. बोललेल्या शब्दाचा अर्थ नेमका उलटा असतो, असं सांगून त्या म्हणाल्या, "आपल्या पुण्यात उदाहरणांना तोटा नाही. एखादी बाई दुकानात उभी राहून प्रश्नांवर प्रश्न विचारते. दुकानदार काय म्हणेल? या, आत बसा, तुमचंच दुकान आहे."

वर्ग हसला. मी 'तुमचंच दुकान आहे' हे शब्द वहीत उतरवून घेतले आणि मग माझं पेन थांबलं.

तो तास मी कसा काढला ते मला आठवत नाही. मी मनातल्या मनात तीन महिने मागे चालत गेले आणि रस्त्यात भेटलेलं प्रत्येक वाक्य उलटून पाहिलं. काकू म्हणाल्या होत्या, "वा, आज आंघोळीला दुपार नाही झाली." ते मी आईला कौतुक म्हणून कळवलं होतं. ग्रंथालयातले गृहस्थ म्हणाले होते, "सावकाश करा परत, आम्ही काय, पुस्तकं जमवायला छंद म्हणून बसलोय." त्यावर मी त्यांना, आपला छंद स्तुत्य आहे, असं म्हणाले होते आणि पुस्तक आणखी दोन आठवडे ठेवलं होतं. त्या पुस्तकाचा विषय मराठीतला विनोद हा होता, हे इथे सांगितलं नाही तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी दुकानाच्या पायरीवरच उभी राहिले.

"आत येत नाहीस?" चाचांनी विचारलं. एव्हाना ते मला अगं-तुगं करायला लागले होते.

"चाचा, त्या पहिल्या दिवशी आपण मला बसा म्हणालात, ते उपरोधाने म्हणाला होतात. मला ते समजले नव्हते. मी क्षमा मागायला आले आहे."

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "कळलं म्हणजे शेवटी. कॉलेजात शिकवतात का हे?"

"होय. पहिल्याच सत्रात."

"बरं झालं. बस. चहा सांगतो."

मी उभीच राहिले. "हे आपण उपरोधाने म्हणता आहात की..."

"आता एवढी शिकलीस, तर तूच ठरव," ते म्हणाले आणि टपरीला दोन बोटं दाखवली.

मी बसले. त्या दिवशी मी कमी बोलले. चाचींनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्यांचा हात तापाच्या आधी आला, एवढंच. ताप मला पुढच्या आठवड्यात आला. दसरा जवळ आला होता. अंग दुखायचं, डोळ्यांच्या मागे ठणकायचं, अन्नावर वासना नव्हती. त्या दिवसांत आम्हाला मध्ययुगीन कविता होती आणि तिच्यातल्या विरहिणींची लक्षणं माझ्याशी तंतोतंत जुळत होती. चंद्र नकोसा वाटणं, चंदनाचा दाह होणं. चंदन माझ्याकडे नव्हतं, पण काकूंच्या साबणाने अंगाची आग होत होती. हा मायभूमीचा विरहज्वर आहे, असं निदान मी केलं आणि तीन दिवस गादीवर पडून त्याबद्दल वहीत चांगलं लिहूनही काढलं.

चौथ्या दिवशी सकाळी काकू शहराबाहेर, मांजरी गावात, बहिणीच्या नव्या फ्लॅटवर जायला निघाल्या होत्या. चपला घालताना त्यांनी मला विचारलं, "काय होतंय तुला नेमकं?"

"विरहज्वर आहे, काकू."

"असेल. रक्त तपासून ये. कोपऱ्यावर लॅब आहे. मी संध्याकाळी येते."

मी भिंत धरत धरत गेले आणि रक्त देऊन आले. दुपारी लॅबमधून फोन आला. डेंग्यू होता. प्लेटलेट बऱ्याच उतरल्या होत्या, लगेच डॉक्टरांना दाखवा म्हणाले. काकूंना फोन लावला तर लागेना. फोन चार्जिंगला लावून त्या बहिणीबरोबर नव्या सोसायटीची बाग पाहायला गेल्या होत्या, हे नंतर कळलं. वर्गातल्या मुलींपैकी कुणाचा नंबर मी कधी मागितलाच नव्हता. त्या माझ्या मराठीला हसतात असं मला वाटायचं, आणि त्या हसतच होत्या. माझ्या फोनमध्ये पुण्याचा दुसरा नंबर होता तो दुकानाच्या पावतीवरून घेतलेला.

"मी आपली ग्राहक बोलते आहे," मी म्हणाले. आवाज ओळखला जाईल असं मला त्या वेळी का वाटलं नाही कोण जाणे. "काळी पेटी."

"परत चेन तुटली?"

"नाही. प्लेटलेट उतरल्या."

पलीकडे मशीन थांबल्याचं ऐकू आलं. "दार उघडं ठेव आणि खाली बस," चाचा म्हणाले. "जिना उतरू नकोस."

पंधरा मिनिटांत दोघं रिक्षा घेऊन आले. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या वेळेला, दुकान बंद करून. चाचींनी मला उठवलं, केस बांधले, काकूंच्या कपाटातली एक चादर न विचारता ओढून माझ्याभोवती गुंडाळली. जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये आम्ही गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि अॅडमिट करा म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला. "नातेवाइकांनी सही करायची. आणि इथे पेशंटशी नातं लिहायचं."

चाचांनी चष्मा पुसला, नाव लिहिलं, सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'गिऱ्हाईक'.

बाईंनी वाचलं. "असं नाही चालत. काका, मामा, काहीतरी लिहा."

"खोटं कशाला लिहू? आमच्याकडं बॅग टाकली होती हिनं."

"अहो, पण गिऱ्हाईक हे नातं नाही."

"पिढ्यान्पिढ्या दुकान चालवतोय," चाचा म्हणाले. "तुम्ही मला सांगू नका."

मी बाकावर चाचींच्या खांद्याला टेकून बसले होते. मला वाटलं आपण काहीतरी बोलून हा पेच सोडवावा, आपल्याला वक्तृत्वाची चार बक्षिसं मिळालेली आहेत. पण जीभ हलली नाही. तेवढ्यात काकू आल्या. फोनवर माझे सात मिस्ड कॉल पाहून त्यांनी मांजरीहून थेट रिक्षा केली होती. वाटेत परत फोन केला तो चाचींनी उचलला होता. काकूंचं त्या कुटुंबाशी आजवर बॅगेपलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या चादरीकडे एकदा पाहिलं आणि काउंटरवरचं पेन उचललं. 'गिऱ्हाईक'च्या शेजारी लिहिलं, 'भाडेकरू'.

"तुम्ही पेशंटच्या भाडेकरू?" बाईंनी विचारलं.

"ती माझी."

"मग घरमालक लिहा."

"नातं तिचं विचारलंय की माझं? आधी फॉर्म नीट छापा."

शेवटी त्या बाईंनीच फॉर्म ओढून घेतला, दोन्ही शब्द खोडले आणि 'स्थानिक पालक' असं लिहिलं. "दोघांनी खाली सह्या करा," त्या म्हणाल्या. "भांडण वर वॉर्डात जाऊन करा."

मी पाच दिवस तिथे होते. पहिल्या दोन दिवसांचं मला फारसं आठवत नाही, पण इतरांना आठवतं. तापाच्या भरात मी 'मराठी भाषेचे भवितव्य' हे संपूर्ण भाषण म्हणून दाखवलं, अध्यक्ष महोदयांपासून. मग क्रिओलमध्ये कुणाशी तरी भांडले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी मुलाला सांगून आपली खाट खिडकीकडे हलवून घेतली. जाताना ते काकूंना म्हणाले म्हणे, "मुलगी हुशार आहे. थोडी कमी असती तरी चाललं असतं."

तिसऱ्या दिवशी प्लेटलेट आणखी उतरल्या. गरज पडली तर लागतील, रक्तदाते तयार ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. चाचांनी गल्लीत निरोप टाकला. तासाभरात वॉर्डाच्या दाराशी पाच माणसं येऊन उभी राहिली. एक वह्या-पुस्तकांचे दुकानदार, एक सायकलवाले, एक पिठाची गिरणी चालवणारे, आणि दोन ज्यांना मी आजही ओळखत नाही. गिरणीवाले कामावरून तसेच आले होते, भुवयांवर पीठ होतं. त्यांच्यापैकी कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. 'बॅगवाल्याकडची मॉरिशसची' एवढ्या पत्त्यावर ती माणसं बाह्या वर करून आली होती.

दुपारचा रिपोर्ट आला आणि प्लेटलेट आपल्या आपण वाढल्या होत्या. कुणाचंच रक्त लागलं नाही.

"मग बोलावलं कशाला?" सायकलवाले म्हणाले.

दुकानातल्या सगळ्या साड्या उलगडून काहीच न घेणाऱ्या बाईकडे पाहतात, तसं त्या पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवरून हात जोडले. गिरणीवाले जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी आधी नक्की ठरवा." तोवर मला उपरोध कळायला लागला होता. मी उशीत तोंड खुपसून रडले आणि चाचींना वाटलं सुई दुखली.

दिवसा चाची माझ्याजवळ बसायच्या आणि संध्याकाळी काकू यायच्या. मधल्या अर्ध्या तासात दोघींची गाठ पडायची, आणि ती आधी डब्यांवरून पडली. चाची यखनी, म्हणजे मटणाचं पातळ सूप, आणायच्या. काकू गुरगुट्या भात आणि मेतकूट. काकूंनी पहिल्या दिवशी सांगितलं, "तुमचा डबा त्या बाजूच्या टेबलावर ठेवा. झाकण घट्ट लावा." चाचींनी तसं केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, मेतकुटात काय काय असतं. काकूंनी सांगितलं. काकूंचं तीन मिनिटांहून लांबलेलं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चौथ्या दिवशी मी डोळे उघडले तर दोघी खाटेच्या दोन्ही बाजूंना बसून माझ्या अंगावरून, गुडघेदुखीवर बोलत होत्या. मला पाणी हवं होतं. मी दोनदा खोकले. काकू म्हणाल्या, "थांब जरा, महत्त्वाचं चाललंय."

त्याच दिवशी वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. आई मागे उभी राहून नुसती डोळे पुसत होती. वडिलांनी सदरा घातला होता, हातात कागद होता. त्यांनी चाचांना उद्देशून भाषण सुरू केलं, "आपल्या उपकारांचे ऋण आमच्या कुळास जन्मोजन्मी..." हे आमच्या घराण्यातच आहे. चाचांनी शांतपणे पहिलं पान ऐकून घेतलं. वडील पान उलटत होते तेव्हा ते म्हणाले, "बरं बरं. तिकडं पाऊस आहे का?"

वडील गोंधळले. म्हणाले, "आहे. थोडा आहे."

"इथं थांबला. मुलगी बरी आहे. तुम्ही जेवून घ्या."

फोन बंद झाल्यावर चाचांनी तो माझ्या उशीशी ठेवला. मग चाचींना म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण याच्या दुकानात गिऱ्हाईक टिकणार नाही."

मी बरी झाले. पहिल्या सत्राचे दोन पेपर बुडाले होते, ते पुढच्या वेळी दिले. उपरोधावरच्या प्रश्नाला मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले आणि बाईंनी माझी उदाहरणं वाचून दाखवली. वर्ग हसला, मीही हसले, आणि मग मधल्या सुटीत मी तीन मुलींचे नंबर मागून घेतले. त्यांतली एक म्हणाली, "आम्हाला वाटायचं तू मुद्दाम तशी बोलतेस, आमची खेचायला."

आता मी परत घरी आहे आणि काकांच्याच शाळेत मराठी शिकवते. चाचांचं दुकान चालू आहे. मी फोन केला की ते कोणत्या गिऱ्हाइकाने काय विचारलं ते सांगतात आणि मी हसते, योग्य ठिकाणी. काकूंना मी दर रविवारी फोन करते. निदान प्रयत्न करते. गेल्या रविवारी फोन उचलताच त्या म्हणाल्या, "अगं, नंतर कर. ही आलीये. आम्ही डोळे तपासायला निघालोय."

"कोण आलीये?"

"कोण म्हणजे? चाची. तिला एकटीला जमत नाही, तो डॉक्टर फार बडबडतो. ठेव आता."

मागून चाचींचा आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही, हीच," काकू म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

आमच्याकडे तेव्हा चार वाजले होते, म्हणजे पुण्यात साडेपाच. दोघी एव्हाना जिन्यात पोचल्या असतील. काकू एक पायरी पुढे, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मागून चाची, सावकाश उतरा म्हणत.